पळायला दम यावा म्हणून घेतलेलं इंजेक्शन : सांगली जिल्ह्यातलं एक प्रकरण

हे लिहायला त्या मुलाची आणि त्याच्या आईची परवानगी घेतलीय. गाव, वय, घरातली माणसं सगळं थोडं थोडं बदललंय, त्यामुळे कुणी ओळखायचा प्रयत्न करू नका. मी मिरजेत एका मानसोपचार दवाखान्यात समुपदेशनाचं काम करते. उत्तेजक द्रव्यं, म्हणजे ज्यांनी झोप उडते, दम वाढल्यासारखा वाटतो, छाती धडधडते असली, ती आपल्या देशात कोण घेतं, किती घेतं, कशासाठी घेतं याचे जे आकडे आहेत त्यात हा मुलगा कुठंच बसत नाही आणि त्याच्यासारखी बरीच पोरं बसत नसणार असं मला ठाम वाटतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मुलगा तेवीस वर्षांचा, तासगाव भागातला. घरी थोडी द्राक्षबाग, वडील नाहीत, आई आणि मोठी बहीण, बहिणीचं लग्न झालेलं. बी. ए. झाला आणि पोलीस भरतीच्या मागं लागला. आपल्याकडं सातारा-सांगली पट्ट्यात गावटी भरतीच्या अकॅडम्या आहेत, पहाटे चार-साडेचारला रस्त्याकडेनं पळणारी पोरं तुम्ही पण बघितली असतील, त्यातलाच एक. पोलीस भरतीत मैदानी चाचणी पन्नास मार्कांची, त्यात एकट्या सोळाशे मीटरला वीस मार्क, बाकी शंभर मीटर आणि गोळाफेक. म्हणजे सोळाशेचं टायमिंग बसलं नाही की सगळं गेलं असं पोरांच्या डोक्यात पक्कं असतं आणि ते काही अगदी खोटं पण नाही, कारण मेरिट एखाद-दुसऱ्या मार्कावर हुकतं. हा मागच्या भरतीत असाच थोडक्यात हुकला होता.

आमच्याकडं आला तेव्हा मामा आणि आई दोघं दोन बाजूंनी धरून घेऊन आले होते. आठवडाभर नीट झोप नाही, जेवण नाही, सारखा खिडकीतून बाहेर बघतोय, अकॅडमीतली पोरं आपल्या मागावर आहेत, मोबाईलमधून ऐकतायत म्हणून सिमकार्ड काढून चुलीत टाकलेलं. घरच्यांनी आधी बाहेरचं काहीतरी झालंय म्हणून एका बाबाकडं नेलं, तिथं दोन-तीन दिवस गेले. मग मिरजेतल्या एका फिजिशियनला दाखवलं, त्यांनी बीपी बघितला, नाडी बघितली, ईसीजी काढला आणि एवढ्या तरण्या, पळणाऱ्या पोराची बसल्या जागी नाडी इतकी का पळतीय असा प्रश्न त्यांना पडला. खेळाडूची नाडी उलट सावकाश असते. त्यांनी थायरॉइडची तपासणी करायला सांगितली आणि आमच्याकडं पाठवलं. थायरॉइड नॉर्मल आलं.

आमच्या डॉक्टरांसमोर तीन शक्यता होत्या. स्किझोफ्रेनियाची, म्हणजे संशय आणि भास होणाऱ्या मानसिक आजाराची, सुरुवात याच वयात होते, मॅनिया पण असू शकतो, ज्यात मन अती उत्तेजित होतं आणि झोप उडते, आणि तिसरं म्हणजे काहीतरी घेतल्यामुळं झालेलं. त्यानं ठामपणे सांगितलं, "मॅडम, मी कधी नशा केली नाय. दारूला हात नाय लावला, सिगरेट नाय. पायजे तर गावात विचारा." आई पण तेच म्हणाली आणि दोघं आपापल्या समजुतीप्रमाणं खरं बोलत होते. युरिनच्या साध्या किटमधे गांजा, अफूचे पदार्थ वगैरे काही निघालं नाही. पण कोपराच्या आतल्या बाजूला शिरेवर बारीक काळसर ठिपके होते, एका ओळीत. ते सलाईनचे असतील म्हणून सोडून देता आले असते, पण त्याला सलाईन लावलेलंच नव्हतं कधी.

दुसऱ्या दिवशी मामा परत गावी जाऊन विहिरीवरच्या मोटारीची खोली बघून आले. स्टार्टरच्या पेटीमागं एका पिशवीत काचेच्या छोट्या बाटल्या, सिरिंज. मेफेन्टरमीन.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी. हे ऑपरेशन थिएटरमधलं औषध आहे. सिझेरियनला किंवा दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनला कमरेत मणक्यात भूल देतात, तेव्हा कधी कधी पेशंटचं बीपी एकदम खाली येतं, ते वर आणायला भूलतज्ज्ञ हे थोडं शिरेतून देतात. शरीरातलं नॉरअॅड्रेनालिन बाहेर काढायला लावणं हे त्याचं मुख्य काम, आणि रचनेनं ते अॅम्फेटामीन या जुन्या उत्तेजकाच्याच घराण्यातलं आहे. शेड्यूल एचमधलं औषध, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. खेळात ते जागतिक उत्तेजकविरोधी यादीत बंदी असलेल्या द्रव्यांमधे आहे. तरी जिममधे, तालमींच्या आसपास आणि भरतीच्या पोरांत ते पोहोचलंय, महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या जिल्ह्यांत पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनानं याचे साठे पकडलेत. पोरं त्याला स्टॅमिनाचं इंजेक्शन म्हणतात.

आता त्यानं ते कसं सुरू केलं हे नीट सांगते, कारण माझ्या मते सगळं प्रकरण त्यातच आहे. तो थोडा शांत झाल्यावर, झोप लागायला लागल्यावर आम्ही बसून मागं मागं जात सगळं लिहून काढलं. मी त्याला तू नशा करतोस का असं विचारलंच नाही. कधी, किती वेळा, कशासाठी, कुणाबरोबर आणि कशातून, एवढंच प्रत्येक गोष्टीबद्दल विचारत गेले, चहापासून.

चहा घरातला, सगळ्यांसारखा. अकॅडमीत आल्यावर अभ्यासिकेत रात्री जागायला पानपट्टीवरचा एनर्जी ड्रिंकचा कॅन. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार असल्या पेयांत लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असतं, म्हणजे पाव लिटरच्या कॅनमधे जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम, दीड-दोन कप चहाएवढं. त्यात फार भयंकर काही नाही, पण हा दोन-तीन कॅन घ्यायचा आणि वर चहा. मग कुणीतरी जिममधली प्री-वर्कआउट पावडर आणली, त्यात नक्की किती काय असतं ते डब्यावर लिहिलंय त्यावर विश्वास ठेवायचा, बस. मावा पण होता, तो तर त्यानं मोजलाच नव्हता. "मावा सगळेच खातात मॅडम." तंबाखूतलं निकोटीन हे पण उत्तेजकच आहे आणि मोजायचं झालं तर आपल्या राज्यात सगळ्यात जास्त पसरलेलं उत्तेजक तेच असणार. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरत होते, चारात एक माणूस. गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, पण मावा मळून देणाऱ्या टपऱ्या गावोगावी आहेत, त्याबद्दल वेगळं लिहायला पाहिजे.

मग इंजेक्शन. पहिल्यांदा एका सिनियरनं दिलं, रविवारी अकॅडमीत टायमिंगची ट्रायल असते त्या दिवशी. टायमिंग सुधारलं, किंवा त्याला तसं वाटलं, पण घड्याळात पण काही सेकंद कमी आले होते हे तो आजही सांगतो आणि मी ते नाकारत नाही. थकवा जाणवत नाही म्हणून माणूस जास्त जोर लावतो. शरीर मात्र आतून तापत असतं, हृदयावर ताण येत असतो आणि थांब म्हणून सांगणारी जी खूण असते तीच बंद केलेली असते. १९६७च्या टूर दि फ्रान्समधे टॉम सिम्प्सन हा ब्रिटिश सायकलपटू मों व्हांतूच्या चढावर भर उन्हात कोसळून मेला, त्याच्या शरीरात अॅम्फेटामीन सापडलं होतं. ही गोष्ट मी अकॅडमीतल्या पोरांना सांगते तेव्हा ती गप्प होतात, कारण उन्हाळ्यातली मैदानी चाचणी काय असते ते त्यांना माहीत असतं.

सुरुवातीला फक्त रविवारी. मग चाचणीची तारीख जवळ आल्यावर जास्त दिवस. भरती पुढं ढकलली गेली, पळणं चालूच, आणि आता त्याशिवाय पाय जड वाटायला लागले. रात्री अभ्यासाला पण घ्यायला लागला. मग भरती झाली, हुकली, आणि पळणं बंद झालं. इंजेक्शन मात्र बंद झालं नाही. इथं त्याला मी विचारलं, पळत नव्हतास तर मग कशासाठी घेत होतास, तर तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "घेतलं नाय तर उठवतच नाय." या टप्प्यावर कारण संपलं होतं आणि वापर वाढला होता. संशय, आवाज, खिडकीतून बघणं, सगळं याच्या नंतरच्या काळातलं. मधल्या काळात आईला फक्त पोरगं चिडचिडं झालंय आणि वाळत चाललंय एवढंच दिसत होतं, आणि भरतीचं टेन्शन म्हणून तिनं ते सोडून दिलं. कुठलीही आई तेच करेल.

आता देशाचं चित्र बघू. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं केलेलं नशेच्या पदार्थांचं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ला आलं. १८६ जिल्हे, दोन लाखांवर घरं, पावणेपाच लाखांच्या आसपास माणसं, वय दहा ते पंच्याहत्तर. काम प्रचंड मोठं आहे, आपल्याकडं याच्याइतकं दुसरं नाही. त्यात दारू पिणारे १४.६ टक्के, म्हणजे १६ कोटी. अफूवर्गीय पदार्थ २.१ टक्के. आणि अॅम्फेटामीनसारखी उत्तेजकं ०.१८ टक्के, कोकेन ०.१० टक्के. हे वाचून कुणीही म्हणेल की भारतात उत्तेजकांचा प्रश्न किरकोळ आहे, पैसा आणि लक्ष दारू-अफूकडं गेलं पाहिजे. दारूकडं गेलंच पाहिजे, त्यात वाद नाही, सांगलीतल्या कुठल्याही गावात जाऊन बघा. पण त्या वर्षी समजा सर्वेक्षणवाला याच्यासारख्या पोराच्या दारात उभा राहिला असता आणि नशेच्या पदार्थांबद्दल विचारलं असतं, आई शेजारी उभी आहे, तर यानं काय सांगितलं असतं? नाही. आणि स्वतःच्या मनानं खरंच सांगितलं असतं. जो माणूस नोकरीसाठी, मैदानासाठी, रात्रपाळीसाठी घेतो तो स्वतःला नशेच्या रांगेत उभा करत नाही, त्यामुळे असल्या आकड्यांत ही पोरं कमी दिसणार हे गृहीत धरायला हवं.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. किती टक्के घेतात एवढ्यावर काहीच कळत नाही, कसे घेतात ते बघावं लागतं. याचं जुनं आणि फार चांगलं उदाहरण स्वीडनचं आहे. तिथं १९३८ला अॅम्फेटामीन बाजारात आलं, १९३९ला चिठ्ठीवर गेलं, तरी १९४२-४३च्या अंदाजानुसार साधारण दोन लाख लोक ते वापरत होते, देशाच्या लोकसंख्येच्या साधारण ३ टक्के. आकडा मोठा आहे, पण त्यातले बहुतेक जण वर्षातून मोजक्या वेळा गोळी घेणारे होते. त्याखाली महिन्यातून काही वेळा घेणारे, त्याखाली आठवड्यातून, मग काही हजार रोज घेणारे, आणि अगदी शेवटी दोनशेच्या आसपास माणसं, जी दिवसाला दहापासून शंभरपर्यंत गोळ्या खात होती. एकाच देशात, एकाच औषधाचे इतके वेगळे वापर. दोन लाख व्यसनी म्हटलं तरी चूक आणि फक्त दोनशे म्हणून सोडून दिलं तरी चूक, कारण ते दोनशे आभाळातून पडले नव्हते, वरच्याच गर्दीतून खाली सरकत आले होते. पुढं पन्नासच्या दशकात तिथं फेनमेट्राझिन नावाचं दुसरं उत्तेजक आलं आणि लोक गोळ्या विरघळवून टोचून घ्यायला लागले, मग मात्र चित्र बिघडलं. १९६५ ते ६७ या काळात स्टॉकहोममधे डॉक्टरांनीच व्यसनींना हे कायदेशीर लिहून द्यायचा प्रयोग केला, तो पण शेवटी बंद करावा लागला.

हे मी एवढं का सांगतेय, तर स्वीडनमधे गोळीपासून सुईपर्यंत यायला वर्षं लागली. आमचा हा मुलगा कॅनवरून थेट सुईवर आला, एका भरतीच्या हंगामात. मधली गोळीची पायरीच नव्हती, कारण जे औषध हाताला लागलं ते मुळातच बाटलीत, टोचायच्या रूपात येतं. शिरेतून गेलेलं उत्तेजक काही क्षणांत मेंदूत पोहोचतं, चढतं पटकन आणि उतरतं पण जाणवेल असं, त्यामुळे परत घ्यायची ओढ जास्त. म्हणजे आकड्यानं आपले लोक कमी असतील, पण जे आहेत ते सुरुवातीपासूनच जास्त धोक्याच्या टोकाला आहेत. जपानमधे युद्धानंतर हेच झालं. हिरोपोन नावाचं मेथाम्फेटामीन तिथं औषध म्हणून मिळायचं, युद्धासाठीचे साठे बाजारात आले, लोक टोचून घ्यायला लागले, १९५१ला खास कायदा करावा लागला आणि १९५४ला एका वर्षात ५५ हजारांहून जास्त माणसं अटक झाली. कारण तेच, तयार इंजेक्शन आणि वापरायला थकलेली माणसं.

सांगलीत कुणाशी या विषयावर बोललं की लगेच एमडीचा विषय निघतो आणि ते साहजिक आहे. फेब्रुवारी २०२४मधे पुणे पोलिसांच्या तपासात कुपवाडचं नाव आलं, मार्चमधे कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीला मुंबई पोलिसांनी एमडीचा कारखाना पकडला, जानेवारी २०२५ला विट्याजवळ कार्वेच्या एमआयडीसीत. लोक हादरले, मोर्चे निघाले, शाळांत कार्यक्रम झाले. एमडी म्हणजे मेफेड्रोन, ते पण उत्तेजकच, आपल्याकडं २०१५ला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं. इंग्लंडमधे त्याच्यावर एप्रिल २०१०ला बंदी आली, तेव्हा २०१०-११च्या सर्वेक्षणात १६ ते २४ वयाच्या ४.४ टक्के पोरांनी वर्षभरात ते घेतलेलं होतं आणि १६ ते ५९ असं सगळं धरलं तर १.४ टक्के. तरुणांत तिप्पट. सरासरी काढली की तरुण झाकले जातात, हे आपल्या ०.१८ला पण लागू आहे. पण मुद्दा असा की एमडीच्या बातम्यांनी आमच्या या मुलाला उलट धीर दिला. तो म्हणाला, "ते एमडीवाले वेगळे, पार्टीवाले. आम्ही तसले नाय, आम्ही पहाटे पळणारी पोरं." शाळेतल्या कार्यक्रमात दाखवलेल्या कवटीच्या पोस्टरमधे त्याला स्वतःचं काहीच दिसलं नाही.

उपचाराबद्दल. दाखल करावं लागलं. डॉक्टरांनी संशय आणि भास कमी व्हायला औषध दिलं, झोपेला दिलं, बीपीवर लक्ष ठेवलं. पहिले काही दिवस तो नुसता झोपायचा आणि उठला की खायचा, आई म्हणाली पोरगं सुधारलं. आम्ही तिला सांगितलं की ताई, खरा काळजीचा काळ आत्ता आहे. उत्तेजक बंद झालं की माणूस खाली पडतो, कशात रस नाही, रडू येतं, जगून काय करू असं वाटतं. ते विचारावं लागतं, सरळ शब्दांत. विचारल्यानं डोक्यात विचार येतो ही समजूत खोटी आहे. मी विचारलं, त्यानं हो म्हटलं, आणि मग काही दिवस रात्री त्याच्याजवळ कुणीतरी झोपायचं ठरलं, शेतातली औषधं कुलपात गेली. द्राक्षवाल्यांच्या घरी फवारणीची औषधं किती सहज हाताशी असतात ते तुम्हाला माहितीय.

संशय दोन आठवड्यांत ओसरत गेला. औषध बंद होऊन महिना उलटला तरी भास चालू राहिले असते तर डॉक्टरांनी निदान परत तपासलं असतं, ती वेळ आली नाही.

अफूच्या व्यसनाला ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन असली बदली औषधं आहेत. उत्तेजकांना तसं मान्य झालेलं बदली औषध नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगितलेलं बरं, नाहीतर ते गोळीची वाट बघत बसतात किंवा पेपरातल्या जाहिरातीवरून चहात टाकायच्या पावडरी आणतात. आत्तापर्यंतच्या अभ्यासांत सगळ्यात जास्त आधार असलेली पद्धत म्हणजे न घेतल्याचा प्रत्येक टप्पा दिसला की लगेच काहीतरी ठोस बक्षीस. ऐकायला लहान मुलांचा खेळ वाटतो, मामा तर चिडलेच, "न खाण्याबद्दल बक्षीस? आमच्या वेळी कानाखाली दिली असती." पण समजावल्यावर तेच तयार झाले. साध्या किटवर हे औषध हमखास सापडेलच असं नसतं म्हणून आम्ही हात बघणं, वजन, नाडी आणि ठरलेल्या दिवशी दवाखान्यात येणं यावर ठरवलं. बक्षीस काय असावं ते त्यानं सांगायचं. त्यानं पळायचे बूट मागितले. पहिल्यांदा मला ते नको वाटलं, मैदान म्हणजे परत तोच विषय, पण डॉक्टर म्हणाले हृदयाची टूडी एको नॉर्मल आहे, पळणं ही त्याच्या आयुष्यातली एकमेव चांगली गोष्ट आहे, ती काढून घेऊ नका. पळण्याची वेळ बदलली, संध्याकाळी, गावातल्या दुसऱ्या पोरांबरोबर, आणि घड्याळ घरी ठेवून.

कायद्याची भीती घरात फार होती. आईला वाटत होतं दवाखान्यात नाव लागलं की पोलीस भरतीचा दरवाजा कायमचा बंद. मेफेन्टरमीन एनडीपीएसच्या यादीत नाही. आणि जी द्रव्यं यादीत आहेत त्यांच्यासाठी पण त्याच कायद्याच्या ६४ए कलमात, स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला थोड्या प्रमाणासाठीच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातून संरक्षण आहे. वर मानसिक आरोग्य कायदा २०१७च्या कलम २३नुसार उपचाराची माहिती गुप्त ठेवायचा पेशंटला हक्क आहे. हे तिला समोर बसवून वाचून दाखवलं तेव्हा ती पहिल्यांदा खुर्चीत नीट टेकून बसली. अशी भीती घेऊन घरी थांबलेली किती घरं असतील, त्यांनी निदान १४४४६ला फोन करावा, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फुकट आहे. मन खचलं असेल तर १४४१६, टेलिमानस, मराठीत बोलतात.

एक गोष्ट राहिली आणि ती मला सगळ्यात जास्त टोचते. एचआयव्ही आणि कावीळ बी, कावीळ सीच्या तपासण्या करू म्हटल्यावर तो म्हणाला, "गरज नाय मॅडम, सुई प्रत्येकाची वेगळी होती, आम्ही काय अडाणी नाय." मग मी विचारलं बाटली? बाटली एकच. दहा मिलीची बाटली, वर्गणी काढून आणलेली, आणि तिच्यातून पाच जण काढून घ्यायचे. कुणाला दुसऱ्यांदा थोडं पाहिजे असलं की तीच वापरलेली सुई परत बाटलीच्या रबरात. म्हणजे एकाच्या रक्तात काही असेल तर ते बाटलीत, आणि बाटलीतून सगळ्यांत. सी प्रकारच्या काविळीचा विषाणू असाच पसरतो आणि वर्षानुवर्षं काही जाणवत पण नाही. त्याला हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं. सुई बदला एवढं सगळ्यांना माहीत झालंय, बाटलीबद्दल कुणी बोलत नाही. एवढं वाक्य तरी हे वाचणाऱ्या प्रत्येक अकॅडमीच्या सरांनी पोरांना सांगा, तुम्हाला त्यांना लेक्चर द्यायचं नसलं तरी.

त्याच्या पहिल्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. बी काविळीची लस सुरू केली. पण संसर्ग झाल्यावर काही आठवडे तपासणीत दिसत नाही, म्हणून परत करावी लागणार होती.

मधे एकदा घसरला. अकॅडमीतला एक जुना मित्र भेटला, दुसऱ्या जिल्ह्यातल्या भरतीची ट्रायल आहे म्हणाला, यानं घेतलं. दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून सांगितलं. आम्ही बूट परत घेतले नाहीत, फक्त त्या आठवड्याचं बक्षीस गेलं आणि मोजणी परत सुरू झाली. घसरणं हे या आजारात धरूनच चालायचं असतं, लपवणं जास्त धोक्याचं. त्यानं लपवलं नाही, हे मी त्याच्या आईला दोनदा सांगितलं.

अकॅडमीच्या सरांना भेटले. मला वाटलं होतं ते उडवून लावतील, पण त्यांना कुणकुण होती आणि काय करावं ते कळत नव्हतं, पोरांना हाकललं तर ती दुसरीकडं जाऊन तेच करतील. त्यांनी मला पोरांशी बोलू दिलं. मी बिननावाच्या चिठ्ठ्या वाटल्या आणि तेच विचारलं, काय, कधी, किती वेळा, कशासाठी. नशा हा शब्द कुठंच नव्हता. कॅन आणि मावा बहुतेक चिठ्ठ्यांत होता, पावडर बऱ्याच, इंजेक्शन थोड्या चिठ्ठ्यांत, आणि त्या थोड्यांत पण बहुतेकांनी फक्त ट्रायलच्या दिवशी असं लिहिलं होतं. स्वीडनचीच उतरंड, एका हॉलमधे. ट्रायलच्या दिवशीपुरतं घेणारी पोरं अजून वरच्या पायरीवर आहेत, त्यांच्याशी आत्ता बोललं तर काम सोपं आहे आणि म्हणूनच त्यांना शोधण्यात जास्त जोर लावला पाहिजे असं माझं मत आहे. सरांनी रविवारची ट्रायल आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा केली, तेवढं त्यांच्या हातात होतं.

एका चिठ्ठीच्या मागं लिहिलं होतं, बाटलीतून पण होतं हे खरं आहे का. आमच्या या मुलानं ती चिठ्ठी बघितली आणि अक्षर ओळखलं, पण मला नाव सांगितलं नाही, मी विचारलं पण नाही. पुढच्या महिन्यात त्याची कावीळ सीची तपासणी परत आहे. बाटलीतले बाकीचे चौघं होते त्यांना पण घेऊन येतो म्हणालाय, दोघं तयार झालेत, उरलेल्या दोघांशी तोच बोलतोय.